गोठ्यातली जीप आणि खरा बोल्ट



गटांची समन्वयक म्हणून मी रेडिओवर एरवी बोलते ते कर्जाच्या हप्त्यावर, हळदीच्या पॅकिंगवर, नाहीतर बँकेच्या कागदांवर. आज विषय जरा वेगळा आहे. आज बोलायचं आहे जुन्या मोटारगाड्यांवर, आणि त्यातही त्यांच्या अगदी बारक्या भागांवर. एखादा बोल्ट, एखादा स्क्रू, दिव्याची काच, डॅशबोर्डवरची अक्षरं कोरलेली पट्टी.

तुम्ही म्हणाल, बायांच्या कार्यक्रमात गाडीचे नटबोल्ट कशाला? पण बघा. आपल्या वाशिम जिल्ह्यात कितीतरी घरी गोठ्यात, वाड्याच्या पडवीत, शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये जुनी जीप, जुनी फटफटी, जुनी स्कूटर उभी आहे. ज्या माणसानं हौसेनं आणली तो माणूस आता नाही. मुलं कामाला पुण्याला, मुंबईला. भंगारवाला दुपारी दारात येतो तेव्हा घरी कोण असतं? आपणच. त्याच्या काट्यावर काय चढवायचं आणि काय नाही, हे त्या क्षणी बाईच ठरवते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

जुन्या गाड्यांच्या स्पर्धा असतात हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. दिल्लीत 'द स्टेट्समन' या इंग्रजी वर्तमानपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ सालापासून होते. आपल्या मुंबईत २००८ साली महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'कार्तिये' कंपनीनं मोठी स्पर्धा भरवली होती. कोल्हापूरला तर दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातली जर्मन मेबॅक गाडी दसरा चौकात येते, आणि लोक सोनं लुटायला जातात तसे ती गाडी पाहायलाही जातात.

या स्पर्धांत गाडी किती जोरात पळते ते कुणी पाहत नाही. परीक्षक हातात कागद घेऊन गाडीभोवती फिरतात. वाकून खाली बघतात, बोनेट उघडायला लावतात, दिवे लावायला सांगतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा अशीच होती का?

अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेला जुन्या गाड्यांचा एक मोठा क्लब आहे, 'अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका'. त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. प्रत्येक गाडीला आधी पूर्ण ४०० गुण. मग चूक दिसेल तसे गुण कापायचे. मोजायचं कशाशी? तर विक्रेत्यानं नवी गाडी पुसूनपासून गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली, त्या दिवशी ती जशी होती त्याच्याशी. त्यापेक्षा जास्त चमक आणली म्हणून एकही गुण जास्त मिळत नाही. कारखान्यानं ज्या भागाला साधा काळा रंग दिला होता, तिथं तुम्ही चकचकीत क्रोम चढवलं, तर ती शोभा धरत नाहीत, चूक धरतात. आपल्याकडे लग्नाआधी घराला रंग काढताना दगडी चौकटीलाही ऑइलपेंट फासतात ना, तसलाच प्रकार.

आता बारक्या भागांचं बघू. स्क्रूचंच घ्या. तुमच्या शिलाई मशीनला दोन प्रकारचे स्क्रू दिसतील. एकाच्या डोक्यावर सरळ एक खाच, दुसऱ्याच्या डोक्यावर अधिकाच्या चिन्हासारखी खाच. तो अधिकाचा स्क्रू अमेरिकेत हेन्री फिलिप्स नावाच्या माणसानं चालू केला, आणि मोटारीत तो पहिल्यांदा आला १९३६ साली, कॅडिलॅक गाडीत. मग १९३० सालच्या गाडीच्या दारात असा स्क्रू दिसला, तर परीक्षकाला काय कळेल? की हे दार नंतर कधीतरी कुणीतरी उघडलं, आणि जो स्क्रू हाताशी आला तो ठोकला. स्क्रू दोन रुपयांचा, पण त्यानं गाडीचं पोट उघडं केलं.

वायरचंही तसंच. जुन्या गाड्यांत वायरीवर सुताचं विणलेलं कापड असायचं, प्लास्टिक नंतर आलं. टायरची बांधणी जुन्या काळी वेगळी होती, आजचं रेडियल टायर चढवलं की जाणकाराला लांबूनच कळतं. ब्रिटिश गाड्यांच्या बोल्टचे आटे वेगळ्या मापाचे, त्यांना पानाही वेगळा लागायचा. दिव्याच्या काचेवर, भोंग्यावर, खिडकीच्या काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असतं. गाडी मूळची आहे की नाही, याची साक्ष ही बारकी अक्षरं देतात.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट जीपची आहे, आणि जीप आपल्या ओळखीची म्हणून ती नीट सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला जीप हव्या होत्या. त्या विलीज कंपनी बनवत होती. पण लढाईची गरज एवढी मोठी, की एका कारखान्याला ती पुरी होईना. म्हणून सरकारनं तोच नमुना फोर्ड कंपनीलाही बनवायला दिला. दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. दोन्ही गाड्या दिसायला सारख्या, एकीचा भाग दुसरीला बसणारा. पण फोर्डनं आपल्या भागांवर इंग्रजीतलं 'एफ' अक्षर ठोकलं. मोठ्या भागांवर तर ठोकलंच, पण बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. कारण साधं होतं. उद्या भाग मोडला तर तो आमचा की त्यांचा, हे कळायला हवं.

लढाई संपली. सैन्याच्या कितीतरी जीप आपल्या देशात लिलावात निघाल्या. पुढं महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, आणि हळूहळू ही गाडी जंगल खात्यात, पाटबंधारे खात्यात, पुढाऱ्यांच्या प्रचारात अन् मोठ्या शेतकऱ्यांच्या दारात आली. रस्त्यावर बिघडली की गावातला मिस्त्री मिळेल तो बोल्ट बसवायचा. त्यात त्याचं काही चुकलं नाही, त्याला गाडी चालती करायची होती. पण आज फोर्डची जीप जशीच्या तशी उभी करणारे लोक एकेका बोल्टवर 'एफ' आहे का ते पाहतात. शेकडो बोल्ट. मग बाजारात काय झालं असेल? बरोबर. आता 'एफ' ठोकलेले नवे बोल्टही तयार होतात आणि विकले जातात.

इथं खरा प्रश्न येतो. असा नवा बोल्ट लावणं म्हणजे खोटेपणा का?

मला विचाराल तर नाही, पण एका अटीवर. नवा आहे हे सांगितलं पाहिजे. जुना बोल्ट गंजून तुटला असेल तर त्याच मापाचा, त्याच घडणीचा नवा बसवणं म्हणजे दुरुस्ती. तोच नवा बोल्ट ॲसिडमध्ये बुडवून, माती चोळून, "हा १९४३ चा आहे बरं का" असं म्हणून विकणं म्हणजे फसवणूक. बोल्ट दोन्हीकडे एकच, पण तो देणाऱ्याच्या तोंडातला शब्द वेगळा.

जगभरातल्या जुन्या गाड्यांच्या संघटनांची एक मोठी संघटना आहे, तिचं छोटं नाव 'फिवा'. तिनं एक सनद केली, तिला इटलीतल्या तुरिन शहराचं नाव आहे. त्या सनदेचा रोखही असाच आहे. आधी जे आहे ते जपा. अगदी गरज पडली तरच बदला. बदललेला भाग ओळखू आला पाहिजे, आणि काय बदललं याची नोंद राहिली पाहिजे. आपल्या गटाच्या इतिवृत्तात आपण लिहितो ना, कुणाची सही, कोणत्या तारखेला, किती रक्कम? तसंच गाडीचं इतिवृत्त ठेवा, असं ते सांगतात.

आणखी एक गोष्ट. या स्पर्धांत आता एक वेगळा वर्गही असतो. ज्या गाडीला कुणी हात लावलेला नाही, रंग उडालेला, सीटचं कातडं तडकलेलं, पण सगळं मूळचं, अशा गाड्यांचा. त्यात डाग दिसला म्हणून गाडी हरत नाही. कारण जाणकार सांगतात, गाडी पुन्हा पुन्हा नवी करता येते, पण ती मूळची एकदाच असते. आपल्या आजीची गोधडी घ्या. तिला वरून नवा कपडा लावून शिवता येईल. पण आजीच्या हातचा टाका उसवला, की तो परत घालायला आजी कुठून आणणार?

आपल्या भागातलं उदाहरण हवं तर कारंज्याकडच्या मैत्रिणींना शकुंतला रेल्वे ठाऊकच आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ती छोटी गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. ते इंजिन इंग्लंडात मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं. आज आपण हे एवढ्या खात्रीनं सांगू शकतो ते कशाच्या बळावर? लोखंडावर उमटवलेली अक्षरं आणि जपलेले कागद, या दोनच गोष्टींच्या. ती अक्षरं कुणी घासून काढली असती, तर उरलं असतं नुसतं लोखंड. आणि नुसत्या लोखंडाला भाव किलोचाच.

आता मी तुम्हाला रिसोड तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगते. नाव सांगत नाही, कारण घरातला मामला आहे. त्यांच्या सासऱ्यांनी एका सरकारी लिलावात घेतलेली महिंद्राची जीप गोठ्यात उभी आहे. पन्नास वर्षं उलटून गेलेली गाडी. सासरे गेले, मग ताईंचे मालकही गेले. गाडीवर कडबा रचलेला, खाली कोंबड्या बसतात. उन्हाळ्यात एक जण मोटारसायकलवर आला. गाडीभोवती फिरला, आत वाकला, आणि म्हणाला, "वहिनी, गाडी राहू द्या तुमची. ही समोरची पट्टी, दोन दिवे अन् हा स्पीडचा मीटर तेवढा द्या. दोन हजार रुपये आत्ता देतो."

दुसऱ्याच आठवड्यात भंगारवाला आला. तो म्हणाला, "वहिनी, सडून रायलं हे. पुरी गाडी किलोनं घेऊन जातो, जागा मोकळी होते तुमची."

दोन हजार म्हणजे त्या ताईंच्या गटाच्या कर्जाचा हप्ता. दीर म्हणाले, देऊन टाका. ताईंनी त्या दिवशी दिलं नाही, आणि मासिक बैठकीत मला विचारलं, "मॅडम, पुरी गाडी सोडून तो माणूस पत्तीच काऊन मांगते?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न लाखाचा आहे. त्या पट्टीवर गिअर कसे टाकायचे त्याची आकृती कोरलेली आहे. ती पट्टी, ते दिवे, तो मीटर हे मूळचे भाग आहेत. कुणाच्या तरी गाडीत ते नाहीत, म्हणून त्याला ते हवेत. म्हणजे ताईंच्या गाडीतलं खरेपण काढून तो दुसऱ्या गाडीत बसवणार, आणि ताईंकडे उरणार नुसता सांगाडा. मग तो सांगाडा भंगारवाल्यालाच जाणार. भाग सुटे विकले की पहिल्या दिवशी दोन हजार दिसतात खरे, पण त्या दिवसानंतर ती गाडी कधीच पूर्ण होत नाही.

आम्ही मग कागद पाहिले. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी आणि इंजिन यात मोठा फेरफार झालेला नसावा. राज्याची समिती गाडी तपासते. मग तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, आणि नंतरच्या नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची.

यात लक्षात घ्या, कायदा मोठे तीन भाग बघतो आणि स्पर्धेतला परीक्षक बारके भाग बघतो. आपल्याकडे पेट्रोल महाग पडतं म्हणून कितीतरी जीपमध्ये पुढं डिझेल इंजिन बसवलं गेलं. अशी गाडी या नियमात अडते. ताईंच्या जीपमध्ये मूळचं पेट्रोल इंजिनच आहे, आणि त्याचा नंबर आरसी बुकातल्या नंबरशी जुळला. हे कळलं तेव्हा बैठकीतल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी म्हटलं, थांबा, टाळ्या लवकर आहेत. आरसी बुकावर नाव अजून सासऱ्यांचंच आहे.

आणि हीच आपल्या बायांची खरी अडचण. गाडीचा मालक वारला, तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि ३ महिन्यांच्या आत 'फॉर्म ३१' भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. किती घरी हे होतं? शेताचा फेरफार आपण करतो, गाडीचा राहून जातो. ताईंच्या घरात तर दोन मृत्यू झाले तरी कागद हलला नाही. आता वाशिमच्या आरटीओ कार्यालयात वारसांच्या संमतीचं काम सुरू आहे. दिरांचीही सही लागणार, तेव्हा ताईंनी दिरांना समोर बसवून सांगितलं, "भाऊजी, इकायचीच तर पुरी इकू, कागदासकट इकू, अन् पैसे वाटून घेऊ. पन्नास वर्सं त्या पत्तीनं आपलं काय वाकडं केलं? राहू द्या तिले जागेवर." दीर सहीला तयार झाले आहेत. पट्टी मागणारा माणूस परत आला, तेव्हा त्याला हेच उत्तर मिळालं. गाडी किती रुपयांना जाईल हे मी सांगणार नाही, ते गिऱ्हाइकावर आहे. पण आता ती किलोनं जाणार नाही.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर काय कराल, ते थोडक्यात सांगते. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

आधी काहीही सोडवू नका आणि काहीही घासू नका. दिवाळीच्या साफसफाईत पितळ दिसलं की आपण चिंच लावून लख्ख करतो. ते देवाच्या भांड्यांना ठीक. गाडीवरच्या पट्टीला पॉलिश पेपर मारला, तर अक्षरं जातात आणि तिची साक्षही जाते. कोरड्या कपड्यानं धूळ पुसा, बस.

सुटून पडलेला भाग फेकू नका. खाऊच्या डब्यात, जुन्या पिशवीत ठेवा, आणि त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा, कुठून निघाला ते लिहून. ताईंच्या दहावीतल्या मुलीनं हे काम केलं. गोठ्याच्या कोनाड्यात तिला जॅक, चाकाचा पाना आणि हँडल मारून गाडी सुरू करायचा दांडा सापडला. गाडीबरोबर आलेली हत्यारंही मूळच्या सामानात धरतात, म्हणून तीही त्या डब्याशेजारी ठेवली.

मोबाइलवर फोटो काढा. चारी बाजूंनी, आतून, इंजिनचे, आणि जिथं जिथं नंबर किंवा अक्षर कोरलेलं आहे त्या प्रत्येक जागेचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, गाडी कधी घेतली, कुठून, कोणत्या मिस्त्रीनं काय बदललं. बदललेलं लपवू नका. लपवलेलं कधीतरी उघडं पडतं, आणि मग खऱ्या भागांवरचाही विश्वास उडतो.

चासीचा किंवा इंजिनचा नंबर कुणालाही खरवडू देऊ नका, नवा ठोकू देऊ नका, नंबर असलेला तुकडा कापून देऊ नका. तो गुन्हा आहे. तुमच्या गाडीचा नंबर कुठल्यातरी चोरीच्या गाडीवर बसला, तर पोलीस तुमच्या दारात येतील. आणि गाडी भंगारातच द्यायची असेल, तर मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या, आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. दारावरच्या माणसाला किलोनं दिली तर गाडी जाते, पण नाव तुमचंच राहतं.

एक सावधगिरीही सांगते. सगळंच मूळचं जपायचं नसतं. जुन्या बॅटरीत ॲसिड आणि शिसं असतं, ती लेकरांच्या हाती लागू देऊ नका, जाणत्या माणसाकडून काढून घ्या. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुंकू नका. कडक झालेले ब्रेकचे पाइप, तडकलेली पेट्रोलची नळी, विटलेले टायर घेऊन गाडी रस्त्यावर काढायची नाही. ते बदलायचेच, आणि बदलले असं लिहून ठेवायचं. त्या अमेरिकेतल्या क्लबाच्या स्पर्धेत तर गाडीपाशी आग विझवायचं नळकांडं ठेवावंच लागतं, मग गाडी कोणत्याही सालची असो. खरेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनाही जीव आधी कळतो.

आता शेवटचं, आपल्या कामाचं. हे सगळं ऐकताना मला सारखं आपल्या गटांच्या पाकिटांचं आठवत होतं. आपण लेबलवर छापतो, 'जात्यावरची डाळ', 'घरगुती हळद', 'हातानं लाटलेले पापड'. डाळ जर गिरणीतून काढून आणली असेल, तर तसं लिहायला काय हरकत आहे? गिरणीची डाळ वाईट नसते. नवा बोल्टही वाईट नसतो. वाईट असतं ते नव्याला जुनं म्हणणं आणि गिरणीला जातं म्हणणं. गिऱ्हाईक परीक्षकासारखं हातात कागद घेऊन फिरत नाही, पण गुण तेही कापतं. एकदा कापले की भरून मिळत नाहीत, कारण दुसऱ्यांदा ते आपल्या स्टॉलवर थांबतच नाही.

आणि खरं जातं ज्यांच्या घरी आहे, खरी हातलाटणी जिथं होते, त्यांनी ते अंगण झाडायला निघालेल्या बाईसारखं अवघडून सांगू नये. ताठ मानेनं सांगावं, फोटो लावावा, गावाचं नाव छापावं. आपल्याकडची खरी वस्तू ओळखणारा बाहेरचा माणूस मोटारसायकलवर बसून येतो, आणि आपण मात्र तिला अडगळ म्हणतो, हे आता पुरे झालं.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करा. कुणाच्या घरी जुनी गाडी उभी आहे, आणि तिचे कागद कुणाच्या नावावर आहेत, एवढं इतिवृत्तात लिहून आणा. ज्यांच्या घरी वारसनोंद राहिली आहे, त्यांचे फॉर्म आपण मिळून भरू. तोवर भंगारवाला आलाच, तर त्याला पाणी द्या, चहा द्या, पण गोठ्याचं दार उघडू नका.